नीळ चढते पण धुतली की जाते: निळीची बादली सारखी का बिघडते आणि काय तपासायचं

घरी निळीने कापड रंगवणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी झालेला असतो. कापड बादलीतून बाहेर काढलं की मस्त गडद निळं दिसतं, आपण खूश होऊन वाळत घालतो, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात धुतलं की बादलीभर निळं पाणी, हातात उरतं ते फिकट राखाडी, त्यातही ठिकठिकाणी डाग. जो रंग उरतो तोही अंगाला लागतो. माझ्या बहिणीला मी रंगवून दिलेला सुती कुर्ता तिने एकदाच घातला आणि संध्याकाळपर्यंत मान निळी, पांढरी ओढणी निळी, खांद्याला अडकवलेल्या कापडी पिशवीचा पट्टासुद्धा निळा. ती काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं कारण ते कापड मी तीन दिवस खपून रंगवलेलं होतं.

हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण माझ्याकडे कित्येक महिने हेच चाललं होतं, आणि कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे पहिली बादली उत्तम लागली होती. मे महिन्यातली. त्याच मापाने, त्याच भांड्यात, त्याच विहिरीच्या पाण्याने ऑगस्टमध्ये लावली तर जरा फिकी, ऑक्टोबरमध्ये अजून फिकी आणि डिसेंबरमध्ये रंग धरलाच नाही. मी सांगलीजवळ राहते, घरामागे पाऊण गुंठ्यात नीळ लावते, शिवाय तमिळनाडूतून आलेली वडीची नीळही विकत घेते, त्यामुळे पहिला संशय निळीवर गेला. मग हवेवर, मग कापडावर. आणि प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट करत गेले ती म्हणजे नीळ वाढवली. दहा लिटरला 50 ग्रॅम होती ती 80 केली, मग 120. रंग वाढला नाही, उलट जास्त सुटायला लागला. चांगली नीळ स्वस्त नसते, ती अशी गटारात जाताना बघवत नाही. म्हणून आधीच सांगते, रंग फिका आला की नीळ वाढवू नका, दहातल्या नऊ वेळा नीळ कमी नसते, ती विरघळलेली नसते.

हे का ते थोडं समजून घेऊ, मग पुढचं सगळं सोपं जातं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. कितीही बारीक वाटा, ती पाण्यात तरंगणारी पूडच राहते. तिला विरघळवायचं तर आधी रिड्यूस करायला लागते, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं ते क्षपण, आणि ते झालं की तिचा निळा रंग जाऊन ती पिवळट होते आणि अल्कधर्मी पाण्यात विरघळते. ही पिवळी नीळ सुताच्या आत शिरते, कापड वर काढल्यावर हवा लागते, आतल्या आत ती परत निळी आणि न विरघळणारी होते आणि तिथेच अडकून बसते, म्हणून खऱ्या निळीचा रंग पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण बादलीत नीळ नीट विरघळलीच नसेल तर कापडावर बसते ती नुसती निळी धूळ. दिसायला रंग, पण आहे धूळ, धुतली की जाणार. आता अगदी सुरुवातीला लिहिलेलं परत वाचा, "बाहेर काढलं की गडद निळं दिसतं". तीच खूण होती आणि ती मला इतके महिने दिसली नाही. चांगल्या बादलीतून कापड निळं बाहेर येतच नाही! ते पिवळट हिरवं, कोवळ्या केळीच्या पानासारखं येतं आणि हवेत मिनिटा दोन मिनिटात डोळ्यासमोर निळं होत जातं.

माझी पद्धत साधीच आहे, फ्रान्सचे नैसर्गिक रंगांचे जाणकार मिशेल गार्सिया यांनी जगभर लोकांपर्यंत नेलेली एक-दोन-तीन. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. फ्रुक्टोजऐवजी मी काकवी वापरते, आपल्या भागात ती सहज मिळते, पण प्रमाण दुप्पट घेते कारण काकवीत बरीचशी साधी साखर असते आणि साधी साखर या कामाला चालत नाही, फळातली साखर लागते. (साखर टाकून "व्हॅट होत नाही", म्हणजे निळीची बादली लागत नाही, म्हणणारे खूप आहेत, तुम्ही त्यातले असाल तर उत्तर इथेच मिळालं.) गूळ चालतो पण हळू, काकवी त्यापेक्षा बरी, जास्त पिकलेली केळी उकळून त्याचं पाणी छान चालतं, आणि तासगावकडचे हलक्या प्रतीचे बेदाणे उकळून घेतले तर उत्तमच, द्राक्षात तीच साखर भरलेली असते. आता महत्त्वाचं म्हणजे ही साखर एकटी काही करत नाही. तिला चुन्याची जोड लागते आणि थोडी ऊब लागते. चुना नसेल तर साखर नुसती गोड पाणी होऊन पडून राहते. माझं घोडं इथेच अडलं होतं, पण ते कळलं फारच वेगळ्या वाटेने.

डिसेंबरमध्ये माझा भाचा आला होता, त्याला शाळेत प्रयोग करून न्यायचा होता, चुन्याची निवळी करायची आणि नळीने फुंकर मारून ती दुधाळ होते ते दाखवायचं, आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग. मी म्हटलं घे माझ्या गोणीतला चुना. त्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चुना पाण्यात ढवळला, रात्रभर ठेवला, वरचं नितळ पाणी ग्लासात काढलं आणि फुंकायला लागला. फुंकतोय फुंकतोय, गाल लाल झाले, पाणी नितळच. दुसऱ्या ग्लासात घेतलं, तेच. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, आत्या, तुझा चुना खराब आहे. मी म्हणणार होते की चुना कुठे खराब होतो, आणि तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. कारण निवळी फुंकरीने दुधाळ का होते तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि त्याचा खडू होतो, आणि तो वायू तर हवेतही आहे, आणि माझी गोणी मे महिन्यापासून पडवीत नुसती सुतळी बांधून उभी होती, भर पावसाळ्यात, दमट हवेत. जे ग्लासात मिनिटात होतं ते गोणीत सात महिने सावकाश चाललं होतं. मे महिन्यात तो चुना होता, डिसेंबरपर्यंत बहुतेक सगळा खडू झाला होता, आणि खडूने पाणी पुरेसं अल्कधर्मी होत नाही. म्हणून पहिली बादली उत्तम आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा वाईट. मी खडू घालत होते आणि नीळ वाढवत होते.

तुमचा चुना जिवंत आहे का मेलाय हे बघायला भाच्याचा प्रयोग करा, नाहीतर अजून सोपं, व्हिनेगर. काचेच्या ग्लासात पाव चमचा चुना आणि वर भरपूर व्हिनेगर, निदान अर्धी वाटी. ताजा चुना गुपचूप विरघळतो, थोडेफार बुडबुडे आले तर हरकत नाही. मेलेला चुना खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा फसफसून वर येतो. माझा तर ग्लासाबाहेर आला होता. दुकानातला बंद पुडाही तपासून घ्या, तो दुकानात किती दिवस पडून होता ते आपल्याला माहीत नसतं.

आता मी चुना कोरडा ठेवतच नाही. कळीचा चुना आणते आणि तो विरवून पाण्याखाली ठेवते, जुन्या घरांना गिलावा करणारे गवंडी ठेवायचे तसा. वर चार बोटं पाणी, घट्ट झाकण. वरच्या पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो तो खडूचा, तो बाजूला करायचा आणि खालचा लोण्यासारखा चुना घ्यायचा, तो फार काळ चांगला राहतो. पानाच्या टपरीवर मिळणारा ओला चुनाही याच कारणाने टिकतो, अडीनडीला छोट्या बादलीला तो चालतो. मात्र कळीचा चुना विरवताना काळजी घ्या, तो पाण्यात पडला की सूं करून तापतो, पाणी उकळतं, शिंतोडे उडतात. प्लॅस्टिकची बादली घेऊ नका, जाड लोखंडी किंवा स्टीलचं भांडं घ्या, चुना पाण्यात थोडा थोडा टाका, डोळ्याला चष्मा हवाच, मुलं लांब. डोळ्यात चुना गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर, यात थांबू नका.

चुना बदलला आणि बादली लागली, इथे गोष्ट संपायला हवी होती, पण विकतच्या निळीची बादली छान लागली आणि घरच्या निळीची तरी जेमतेमच. मग तोच व्हिनेगर मी माझ्या घरच्या वडीच्या चुऱ्यावर ओतला, आणि तीही फसफसली! म्हणजे ज्याला मी 50 ग्रॅम नीळ म्हणत होते त्यात बराचसा खडू होता. हा दोष काढणीनंतरच्या कामातला आहे म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

नीळ लावणं अवघड नाही. बी टणक असतं, बारीक पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं की आठवड्याभरात उगवतं, नाहीतर महिनाभर वाट बघत बसाल. जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले की पेरायची. पाणी साचलेलं तिला अजिबात चालत नाही, आमच्या काळ्या जमिनीत मी वरंबे करून वरंब्यावर लावते. शेंगवर्गातली आहे, मुळाला गाठी येतात, युरियाची गरज नाही. साधारण तीन महिन्यांनी गुलाबी कळ्या दिसायला लागल्या की वीतभर खुंट ठेवून कापायची, परत फुटते, दुसरी कापणी पुढे दोनेक महिन्यांनी मिळते. पान चुरगळून उन्हात ठेवा, वाळताना ते निळसर काळं पडलं तर रंग आहे. माझा अनुभव असा की चार-आठ दिवस ऊन पडल्यावर कापलेल्या पाल्यात रंग जास्त, झडीच्या पावसात कापलेल्यात कमी. आणि कापलं की तासाभरात पाण्यात गेलं पाहिजे, पोत्यात रात्रभर कोंबून ठेवलेल्या पाल्याचं काही खरं नाही.

पाला पिंपात भरायचा, वर दगड ठेवायचा, पाला बुडेल इतकं पाणी. ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्याकडे 14 ते 18 तास लागतात. पाण्याला हिरवट पिवळी झाक येते, वर तांबूस तवंग धरतो, वास गोडसर हिरवा असतो. वास सडका झाला की उशीर झाला, रंग कमी मिळणार. पाला काढून टाकला की त्या पाण्यात चुन्याची निवळी घालायची आणि रवीने घुसळायचं, अगदी ताक घुसळतो तसं, तास दीड तास. फेस आधी हिरवा, मग निळा, मग एकदम बसायला लागतो, तेव्हा थांबायचं. रात्रभर नीळ तळाला बसते, वरचं तपकिरी पाणी काढून टाकायचं आणि खालचा गाळ जुन्या धोतरात बांधून चक्का टांगतो तसा टांगायचा. माझी चूक इथे होती, मी निवळी न घालता चुन्याचं पीठच मूठ मूठ टाकत होते, आणि तेही त्याच मेलेल्या गोणीतलं. ते विरघळणार कुठून, सगळं निळीबरोबर तळाला बसलं आणि वडीत गेलं. आता फक्त निवळी घालते, गाळ नाही. आणि जुन्या वड्या कुटून व्हिनेगरच्या पाण्यात टाकल्या, फसफसणं थांबेपर्यंत पाणी बदललं, मग दोनदा साध्या पाण्यात धुतल्या. 100 ग्रॅम वडीतून सुकल्यावर 60 ग्रॅमच्या आसपास उरली, पण ती खरी नीळ. ओल्या पाल्यातून नीळ मुळातच थोडी मिळते, किलोमागे दोन-चार ग्रॅम हातात आली तरी मी समाधानी असते, त्यामुळे वडी जड लागली तर आनंद नका मानू, आधी व्हिनेगर ओता.

आता बिघडलेली बादली समोर आहे असं धरून चालू. कापड बाजूला ठेवा, आधी पाणी बघा. वरचा तवंग हाताने हळूच सारा आणि काचेचा छोटा ग्लास सरळ खाली घालून आतलं पाणी काढा, उजेडात धरा. पाणी नितळ आणि चहासारखं पिवळट तपकिरी असेल, आणि ग्लासात वरून खाली हिरवं मग निळं होत जात असेल, तर बादली ठीक आहे, दोष कापडात शोधा. पाणी निळं आणि गढूळ असेल तर नीळ विरघळलेली नाही, कापड टाकूच नका, टाकलं तर नुसती धूळ बसेल. पाणी नितळ पिवळं आहे पण हवेत ठेवलं तरी जेमतेम निळं होतं, तर मात्र नीळ खरंच संपलीय, ही एकच वेळ जेव्हा नीळ वाढवायची. आणि पांढरट दुधाळ असेल तर तुम्ही तळाचा चुना ढवळलाय, दोन तास थांबा.

पाणी गढूळ निळं असेल तर आधी पीएच, म्हणजे पाणी किती अल्कधर्मी आहे ते, बघा. पीएचची पट्टी निळ्या पाण्यात बुडवली की वाचता येत नाही, म्हणून नुसतं टोक टेकवा आणि पाणी पट्टीत वर चढतं त्या कडेचा रंग वाचा. सुती कापडाला 10.5 ते 11 च्या आसपास पाहिजे. पट्टी नसेल तर हळद आहे, पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा आणि त्यावर थेंब टाका, कुंकवासारखा लाल झाला तर पाणी अल्कधर्मी आहे (कुंकू असंच तर करतात, हळद आणि चुना), पण हळद 9 ला पण लाल होते आणि 11 ला पण, त्यामुळे लाल नाही झाली तर नक्की चुना कमी, लाल झाली तर पुरेसा आहेच असं नाही. चुना कमी निघाला तर दहा लिटरला 10 ग्रॅम ताजा चुना थोड्या पाण्यात कालवून घाला, तासाने परत बघा. पीएच बरोबर आहे आणि तरी पाणी निळंच, तर साखर संपलीय किंवा बादली गार आहे. वाटीभर काकवी गरम पाण्यात विरघळवून घाला, बादली गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करा, आतलं पाणी 50 अंशांच्या आसपास जाऊ दे, म्हणजे हात घातला तर चटका बसेल इतकं, झाकण लावा आणि दोन-तीन तास विसरून जा. रात्रभर ठेवलं तर अजून चांगलं. चुना आणि साखर दोन्ही एकदम घातले तर नक्की काय कमी होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून एक घाला, थांबा, बघा, मग दुसरं.

बादली लागलेली असली तरी ती रोज थोडी उतरते हेही लक्षात ठेवा. साखर चुन्यात मोडते तेव्हा त्यातून आम्ल तयार होतं आणि ते चुना खातं, त्यामुळे आज 11 असलेला पीएच दोन-तीन दिवसात साडेनऊवर येतो, यात कुणाची चूक नाही. मी रोज संध्याकाळी पीएच बघून चिमूट दोन चिमूट चुना घालते. डिसेंबर-जानेवारीत तर आमच्याकडेही रात्री एवढी थंडी पडते की सकाळी बादली झोपलेली असते, तेव्हा काही घालू नका, नुसती ऊब द्या.

हवा हा दुसरा चोर. सुरुवातीला मी पसरट टबमध्ये व्हॅट लावायचे, कापड पसरायला सोपं म्हणून, पण पसरट भांडं म्हणजे हवेला मोठं अंगण. कच्छमध्ये अजरखपूरला गेले होते तेव्हा तिथे निळीची भांडी खोल, तोंड लहान आणि जमिनीत पुरलेली बघितली, हवाही कमी लागते आणि जमिनीची ऊबही राहते. 2001 च्या भूकंपानंतर धमडका या त्यांच्या जुन्या गावाचं पाणी बदललं म्हणून तिथल्या कापड रंगवणाऱ्या खत्री कारागिरांनी हे नवं गाव वसवलं, रंगाच्या पाण्यासाठी गाव हलवणारे लोक आहेत ते, त्यांचं भांडं विचार करूनच तसं असणार. मी आता उंच स्टीलचं पिंप वापरते. ढवळायचं ते काठीने कडेकडेने, सावकाश, बुडबुडा येऊ न देता. कापड आत सोडताना आधी पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, घड्यांतली हवा काढायची, हळू बुडवायचं आणि आतल्या आतच फिरवायचं, बाहेर काढतानाही पाण्याच्या वर धरून पिळायचं नाही, पृष्ठभागाला लागून पिळायचं म्हणजे थेंब टपटप पडून हवा आत जात नाही. तळाच्या गाळाला कापड लागू नये म्हणून मी आत एक जुनी स्टीलची चाळणी पालथी ठेवलीय, डाग पडायचं प्रमाण त्याने एकदम कमी झालं.

बादली चांगली आणि तरी रंग धरत नाही तर कापडाची खळ. नवीन सुती कापडात खळ, तेल, मेण काय काय असतं, नुसत्या धुण्याने ते जात नाही. धुण्याचा सोडा आणि रिठ्याचं पाणी घालून दीड-दोन तास चांगलं उकळायचं, पाणी चहासारखं होतं, ते फेकून परत. मग वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा, तो मोत्यासारखा उभा राहिला तर परत उकळा, लगेच शोषला गेला तर झालं. रेशीम आणि लोकरीला हा सोडा आणि एवढा चुना चालत नाही, ते धागे खराब होतात.

गडद रंग पाहिजे तर एकदाच तासभर बुडवून ठेवायचं हा सगळ्यात मोठा गैरसमज. पाच मिनिटं आत, पंधरा मिनिटं हवेत, परत पाच मिनिटं आत, असं सहा-आठ वेळा. जास्त वेळ आत ठेवलं तर आधी बसलेला रंगही परत विरघळून निघायला लागतो. हवेत कापड सगळीकडून उघडं पाहिजे, घडी राहिली की तिथे हिरवा पट्टा आणि मग डाग. चुना जास्त झाला तरी रंग कमी धरतो बरं का, पीएच साडेअकराच्या वर गेला की विरघळलेली नीळ सुताला नीट चिकटत नाही, त्यामुळे कमी पडला म्हणून मूठभर ओतू नका.

आणि पूड नक्की कुठली आहे तेही बघा. किराणा दुकानात कपड्याला देतात ती नीळ वेगळी, ती कधीच पिवळी होणार नाही, कितीही चुना काकवी घाला. केसांना मेंदीबरोबर लावायची हिरवी निळीची पूड म्हणजे नुसता वाळवलेला पाला, त्याचाही असा व्हॅट लागत नाही. आपल्याला लागते ती गडद निळी वडी, नखाने घासली तर तांब्यासारखी चमकते. ती घातल्या घातल्या विरघळत नाही, आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून खलात वाटा, नाहीतर गोळे तळाशी तसेच बसतात आणि आपण म्हणतो नीळ कमी पडली.

रंगवून झालं की लगेच साबण नको. एक दिवस सावलीत राहू दे, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात बुडवा म्हणजे चुना निघेल आणि कापड मऊ होईल, मग रिठ्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. या उकळीत थोडा रंग निघणारच, चांगल्या बादलीतूनही निघतो, घाबरू नका, पाणी नितळ यायला लागलं की पुढे जात नाही.

राहिली आधी बिघडलेली कापडं. ती टाकू नका. बहिणीचा कुर्ता मी परत मागून घेतला, रिठ्यात तीनदा उकळला, पाणी नितळ येईपर्यंत, तेव्हा तो जवळजवळ पांढऱ्यासारखा दिसायला लागला होता. मग फेब्रुवारीत नव्या चुन्याच्या बादलीत सहा वेळा बुडवला. पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा तो हिरवा होता. आता ती तो पांढऱ्या ओढणीवर घालते.